तिसरा ठिपका

ठिपका गोल नव्हता. दहापट भिंगाखाली त्याची उजवी कड थोडी लांबलेली दिसत होती, आणि त्या टोकाशी तांब्याची एक बारीक वळी साचलेली होती – नांगराच्या तासाला एका अंगाला माती साचते, तशी. रुंदी मिलिमीटरच्या पाव हिश्शाहून किंचित कमी, लांबी थोडी जास्त. शाळेच्या प्रयोगशाळेत यापेक्षा बारीक मोजण्याचं साधन नव्हतं, आणि असतं तरी... राहीने भिंग डोळ्यापासून दूर केलं. असतं तरी तिला नवं काही कळणार नव्हतं. ठशाखाली उठलेल्या ठिपक्याला अशी वळी नसते. धातू कुणीतरी एका बाजूने ढकलला, तरच ती साचते.

कुणीतरी.

तिने शिवराई कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवली. पेटीवर नानासोंच्या जुन्या, घोटीव अक्षरात शिवाराचं नाव आणि सर्व्हे नंबर होता. नानासोंची सगळी नाणी अशी काडेपेट्यांत असत. मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी ओढत त्यांनी वाळव्यापासून खानापुरापर्यंतची शिवारं पायाखाली घातली होती, आणि नांगराला लागलेलं नाणं शेतकरी त्यांच्याच हातावर ठेवत – जमिनीतलं धन, कुणाचा जीव त्यावर असंल, घरात नको. नानासोंना कुणाच्या जिवाचं भय नव्हतं. ते नाणं घेत, वहीत जागा लिहीत, आणि त्या शेतकऱ्याला तंबाखूची चिमूट देत.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती. मुलींचा गलका फाटकाबाहेर गेला आणि प्रयोगशाळेत नुसता गंधकाचा वास राहिला. राहीने पिशवी उचलली. पिशवीत काडेपेटी, आणि काडेपेटीखाली आठ दिवसांपूर्वी मुंबईहून आलेलं पत्र. नाण्यांविषयीच्या एका मासिकाच्या संपादकांचं. टिपण छापण्याजोगं वाटतं. तिसऱ्या ठिपक्याचा दावा महत्त्वाचा आहे. मात्र त्या भागाचं किमान तिप्पट मोठं केलेलं छायाचित्र पाठवावं. नानासोंनी ते पत्र तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी ते ओठांनी तिच्याबरोबर म्हणत होते.

आणि टिपणाच्या तळाशी, तिच्याच हाताने इंग्रजीत लिहिलेलं, पण त्यांनी सांगितलेलं – छायाचित्रे: राहीबाई माने, बी. एस्सी. तिने ती ओळ गाळली होती, तर त्यांनी विचारून विचारून ती परत घालायला लावली.

छापील नाव. सुभेदार मान्यांच्या मुलीचं. तिने कधी नाकारलं नाही की तिला ते हवं होतं.

बाजारातून जाताना हळदीच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला होता. माघ संपत आला की हे असंच – पोत्यांच्या शिवणीतून पिवळी धूळ गळत राहते, बैलांच्या शेपट्यांपर्यंत सगळं पिवळं होतं. तिने पदर नाकाशी धरला. त्या वासाने दर वेळी आई आठवे, आणि आई आठवली की खंडेनवमी... नको म्हटलं तरी मन त्याच वाटेने जाई.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. कृष्णात, तिचा भाऊ, पलटणीबरोबर इटलीत होता, आणि त्याची तीन महिन्यांत चिठ्ठी नव्हती. आईने, बनुबाईने, भिंतीशी पाट मांडला होता. त्यावर वडिलांचा फौजेतला पट्टा, विळे, खुरपी, कुदळीचं फळ. ज्याच्यावर पोट चालतं, ते त्या दिवशी धुऊन-पुसून पुजायचं. "तुजं बी हत्यार आण," आई म्हणाली. राहीने हसून लाकडी कॅमेरा आणून ठेवला. नानासोंनी घेतलेला तो कॅमेरा तिच्याकडेच असे. आईने त्याच्या पितळी कड्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, ते अजून आट्यांत आहे. कापडाने, सुईने, कशानेही निघत नाही.

"आन् ते नाणं?"

"ते कशाला, आई?"

"त्याचंच फोटू काढतीस न्हवं? मग त्यो बी देवच. पर असा काळाकिट्ट पाटावर ठिवू नगं."

तांब्याच्या भांड्यांबरोबर आईने नाणं चिंचेच्या पाण्यात टाकलं, तेव्हा राही तिथेच होती. हे विसरता येत नाही. चिंचेतलं आम्ल तांब्याच्या गंजाचं काय करतं ते ती दहावीच्या मुलींना शिकवते. हिरवा थर म्हणजे नुसती घाण नसते; दोनशे वर्षांत मातीने आणि धातूने मिळून घातलेलं ते पांघरूण असतं, त्याच्याखाली अक्षरं निजलेली असतात. मला माहीत होतं. मी बोलले नाही, कारण तीन महिने चिठ्ठी नव्हती आणि आई भांडी घासत होती, आणि भांडी घासताना ती रडत नव्हती.

नाणं निघालं ते सोललेल्या कातडीसारखं गुलाबी. फक्त एके ठिकाणी, दोन ठिपक्यांच्या शेजारी, हिरवा कण चिकटून राहिला. इथपर्यंत आईचा हात होता. पुढे नाही. राहीने सुई घेतली. कण निघाला. आणि सुई निसटली.

एवढंच. एका श्वासाइतका वेळ.

तिच्या वहीत प्रत्येक प्लेटची नोंद आहे: कोणत्या तारखेला, किती वाजता, कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता किती इंच ताणला, काच किती सेकंद उघडी ठेवली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं आहे: नाणे स्वच्छ केले.

आप्पासोंचा स्टुडिओ पेठेत माडीवर होता. भिंतीवर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, आणि हंसांच्या पुढे एक खुर्ची, जिच्यावर गावातल्या प्रत्येक नवरीने एकदा तरी हात ठेवलेला.

"या बाई," आप्पासो म्हणाले. "पुन्ना त्या तांब्याच्या म्हाताऱ्याचाच फोटू?"

"त्याचाच."

"लय नटवा हाय म्हातारा. आठ दिसांत दुसरी खेप." त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर दोन भिंगं ठेवली. एक पितळी, जाडजूड, सहा इंची. दुसरं काळं, लहान, दोन इंची, लढाई संपल्यावर पुण्याच्या लष्करी लिलावात मिळालेलं. एखाद्या विमानाने ते कुठल्या गावावर रोखलं असेल कोण जाणे. "ह्यो थोरला गरीब सोभावाचा. तोंडं काढावी तर ह्येनंच. आन् ह्यो धाकटा हावरट. अगदी अंगावर गेल्याबिगर ह्येचं पोट भरत न्हाई."

राहीने शाळेच्या वेळापत्रकाच्या मागे आकडे मांडले. आकडे मांडताना तिला नेहमीच बरं वाटे. भिंगाच्या इंचांना, हवं तितकं मोठेपण अधिक एक, त्याने गुणायचं. तितका भाता ताणावा लागतो. सहा इंचीने तिप्पट करायचं तर चोवीस इंच. तिच्या कॅमेऱ्याचा भाता वीस इंचांवर संपतो. म्हणजे या भिंगाने सव्वादोन पटीच्या थोडं पुढे, बस्स. संपादकांना कळवता येईल: साधनांची मर्यादा. खोटं नव्हे. शब्द न् शब्द खरा. टिपण तसंच पडून राहील, नानासो मुंबईच्या लोकांना शिव्या देतील, आणि ठिपका...

दोन इंचीने तिप्पटीला आठ इंच पुरे होते. उजेड मात्र सोळापट वेळ द्यावा लागणार. आठपट मोठं करायचं तर अठरा इंच, आणि वेळ एक्याऐंशी पट. तेही बसत होतं.

"कंचा देऊ?"

आप्पासो काच पुसत म्हणाले, "तुमची सगळी उलटी तऱ्हा, बाई. माझी गिऱ्हाइकं म्हणत्यात, आप्पासो, देवीचे वण तेवढे घालवा. नवरीचा बाप तर जवळच बसतुय. मी पेन्सिल घेतो, चार वण हिकडचे, दोन तिकडचे – पोरगी तुपात घोळल्यासारखी. आन् तुमी म्हणता, वण दिसू दे."

"असेल तर दिसू दे."

"आन् नसंल तर?" ते हसले. "नसंल तर बी सांगा. पेन्सिल हाय की. एक ठिपका द्यायला कितीसा येळ?"

ते थट्टा करत होते. साधी, रोजची थट्टा. तरी तिच्या कानशिलांना ऊब आली, आणि ती आपण रंगवलेल्या हंसांकडे पाहतो आहोत असं भासवत राहिली. दोन्ही हंसांची सावली एकाच बाजूला पडायला हवी होती. रंगाऱ्याने एकाची डावीकडे, एकाची उजवीकडे काढली होती. इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं...

"धाकटा द्या," ती म्हणाली.

"न्या. वापरून बघा. म्हातारा काय म्हणतोय ते सांगा मला."

कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात नानासोंचं बिऱ्हाड होतं. मलकापूरचं घर बंद करून ते नवराबायको त्यांच्या डोळ्यांच्या उपचारासाठी इकडे आले, ते इथेच राहिले. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही. पहिल्या छायाचित्राच्या वेळी एका डोळ्यात थोडी नजर शिल्लक होती. आता दाराचा चौकोन दिसे, आणि उन्हाचा पट्टा.

ते पहिलं छायाचित्र त्यांनी त्या अर्ध्या डोळ्याशी धरलं होतं. मऊ उजेडात काढलेलं, नाण्याएवढंच. त्यात ठिपका म्हणजे नुसता एक काळा ठिपका होता, शेजारच्या दोघांसारखाच. "आयला," ते हळूच म्हणाले होते, "तीन हायती." आणि मग कितीतरी वेळ बोलले होते: दोन ठिपक्यांची नाणी एका टांकसाळीची, तीनवाली म्हणजे निराळी टांकसाळ, आणि हे नाणं सापडलं ते शिवार मलकापुरापासून अडीच कोसांवर, म्हणजे आपल्याच मुलखात कुठेतरी ठसे पडत होते, राही, आपल्याच मुलखात. तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठावर होतं. पण त्यांचा चेहरा – नाही, चेहरा नव्हे. तिला शिक्षा व्हायला नको होती, इतकंच. बाकी सगळं नंतर सुचलेलं.

आणि मग ते उठून भिंतीपाशी गेले.

भिंतीवर त्यांच्या हातचं चित्र होतं, चौकटीत. त्याच शिवराईचं. सोळा वर्षांपूर्वी, डोळे धड असताना, मोजणीच्या कागदावर, कर्कटकाने माप घेऊन, चौपट काढलेलं. तेव्हाही त्यांनी ते मुंबईला पाठवलं होतं. उत्तर आलं होतं, हाताने काढलेलं चित्र पुरावा म्हणून धरता येत नाही. ते त्यांनी मनाला लावून घेतलं, पण चित्र भिंतीवर ठेवलं. त्या चित्रात ठिपके दोन होते. छायाचित्र पाहिलं त्या दिवशी त्यांनी चौकट उतरवली, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि म्हणाले, "म्हंजे तवाबी मी आंधळाच हुतो म्हणायचं."

खिळा अजून तिथेच आहे.

"आलीस?" नानासो आजही पायरीवरच्या चपलेचा आवाज ओळखून म्हणाले. आतून बयाबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, तिच्यासाठी गूळ-पाणी आणून ठेवलं. "सकाळधरनं चार डाव दार उघडाय लावलं," त्या म्हणाल्या. "म्हणत्यात, राही येतीया. आवं, शाळा सुटल्याबिगर कशी यील?"

"तू जा गं. हितं कामं हायती." नानासोंनी हात पुढे केला. राहीने काडेपेटी उघडून नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. ते अंगठा फिरवत राहिले. तो ठिपका अंगठ्याला लागणं शक्य नव्हतं, पण अंगठा बरोबर त्याच जागी थांबला.

"कंचं भिंग आणलंस?"

"दोन इंची."

"तिप्पट हुईल?"

"आठपटही होईल."

"आठपट." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "मग आठपटच घे. एकल्या ठिपक्याचा घे. मुंबईवाल्यांच्या डोळ्यात भरला पायजे, परातीएवढा."

तिने कालच इथे आणून ठेवलेला कॅमेरा मांडला. शिवणयंत्राच्या जुन्या लोखंडी पायावर सुताराने बसवून दिलेली उभी फळी, फळीवर खाली तोंड केलेला कॅमेरा, त्याखाली काचेचा तुकडा, काचेवर नाणं, खूप खाली काळं कापड – म्हणजे सावली नाण्याला चिकटणार नाही. खिडकी एकच होती. तिचा उजेड तिने पुठ्ठ्याने अडवत अडवत अगदी तिरपा केला, इतका की तो नाण्यावरून जमिनीलगतच्या वाऱ्यासारखा सरपटत जावा.

आधी आठपट. डोक्यावर काळं कापड घेऊन तिने वरच्या दुधी काचेत पाहिलं. काचेवर फक्त तो होता. अक्षर नाही, शेजारी नाही, नाण्याची कड नाही. राखाडी मैदानात एकटा, घुमटासारखा उठलेला, एका अंगाने उजळ. सुंदर होता. त्यावर कुणी बोट ठेवून म्हटलं असतं की हा ठशातला, टांकसाळीतल्या कारागिराने मन लावून कोरलेला, तर ते खोडायला त्या काचेवर काहीच नव्हतं. भिंग खोटं बोलत नव्हतं. उजेडही नाही. जितका मोठा केला, तितका तो एकटा झाला होता, आणि एकट्याला काहीही म्हणता येतं.

हे पाठवता येईल. सोळा वर्षांनी मुंबईला त्यांचं उत्तर. खाली दोन नावं.

तिने भाता मिटत आणला. अठरावरून आठ इंच. तिप्पट. ठिपका आक्रसला आणि बाजूचे दोघे आत आले, मग अक्षराचा एक पाय, मग कडेच्या मण्यांची ओळ. आणि आता काहीतरी विपरीत झालं – ठिपका तसाच उठलेला, पण अक्षर बसलेलं. मण्यांच्या जागी खळगे. दोन ठिपकेही खळगे. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, तिला माहीत होतं. डोळा समजतो उजेड वरूनच येतो, आणि उलट्या चित्रात तो खालून येत असतो, म्हणून उंच ते खोल दिसतं आणि खोल ते... ती कापडाखालून निघाली, टेबलाला वळसा घालून खिडकीच्या अंगाला गेली, आणि तिकडून काचेत पाहिलं.

अक्षर उठलं. मणी उठले. दोन ठिपके उठले, नाकाच्या शेंड्यासारखे गोल. तिसरा बसला.

ती पुन्हा भिंतीच्या अंगाला आली. तिसरा उठला, सगळं नाणं बसलं. पुन्हा खिडकीकडे. सगळं नाणं उठलं, तिसरा बसला. कुठूनही पाहा, तो बाकीच्यांच्या उलट. दोन वर्षं तिने मनात इतके उजेड मांडून पाहिले होते, रात्री नव्हे, भर वर्गात, फळ्यावर लिहिताना – पण तिघेही एकाच वेळी उठतील असा उजेड कुठल्याच बाजूने येत नव्हता. फक्त शेजारच्यांना चौकटीबाहेर ठेवलं, तरच.

"काय गं," नानासो म्हणाले, "त्येला परदक्षिणा घालतीस व्हय?"

"दोन्ही बाजूंनी पाहते आहे."

"मग? दिसतुय का?"

"दिसतो."

"कसा दिसतुय?"

खिडकीबाहेर घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. आवाज आधी दिसे मग ऐकू येई – नाही, आपटणारा हात आधी, आवाज मागून. तितकं अंतर होतं. तिला वाटलं, आपण त्या हाताच्या आणि आवाजाच्या मधल्या जागेत दोन वर्षं उभ्या आहोत. हात कधीच खाली आला आहे.

आणि मग तिला भिंतीवरचा खिळा दिसला. तो रोज दिसे. पण आज तिरप्या उजेडात त्याची सावली हातभर लांब पडली होती, आणि त्या सावलीशेजारी चुन्यावर चौकटीएवढी जागा अजून स्वच्छ, पांढरी होती. आजवर तिने हिशेब एकाच बाजूने केला होता: सांगितलं तर या माणसाचं काय जाईल. टांकसाळ जाईल, टिपण जाईल, मुलूख जाईल, तिच्यावरचा विश्वास जाईल. ते सगळं खरं होतं. पण आपण गप्प राहून त्यांचं काय नेलं, हे तिने टेबलाच्या या बाजूला येऊन कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे काचबिंदूने नेले. पण डोळे होते तेव्हा जे त्यांनी बरोबर पाहिलं होतं, ते काचबिंदूने नेलं नव्हतं.

ती कपाटापाशी गेली. मागे हात घालून चौकट ओढली. धूळ, कोळ्याचं जाळं. पदराने काच पुसली. कर्कटकाची टोचणी कागदात अजून दिसत होती, आणि मोजणीदाराच्या त्या कडक, निर्मोही रेषा – काही वाढवलेलं नाही, काही वगळलेलं नाही.

"काय काढतीस? पडंल बघ काय तरी अंगावर."

"तुमचं चित्र काढते आहे, नाना."

त्यांचा अंगठा रिकाम्या तळव्यावर फिरत राहिला. राहीने चौकट त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या हाताची बोटं काचेवर आणली. काच थंड होती, बोटं दचकली, मग थांबली. मुलींना वजनाचा आकडा वाचून दाखवताना तिचा आवाज जसा होई, तसा तो आत्ता घशात तयार होता – सपाट, कुणाच्या बाजूचा नसलेला. पुढे काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. उद्या या पायरीवर तिची चप्पल वाजेल की नाही, तेही नाही.

"नाना," ती म्हणाली, "या चित्रात दोनच ठिपके आहेत. ते बरोबर आहेत. नाण्यावरही दोनच होते. तिसरा माझ्या सुईचा आहे, खंडेनवमीच्या दिवशीचा, आणि मी आज मुंबईला तसं लिहिणार आहे."